सुरुंगातही तेच, जिभेखालीही तेच

वर्गात एक प्रश्न विचारून पाहा. एक किलो शेंगदाण्याचे तेल आणि एक किलो नायट्रोग्लिसरीन, या दोहोंपैकी जास्त ऊर्जा कशातून मिळेल? नायट्रोग्लिसरीन म्हणजे डायनामाइटमधला स्फोटक पदार्थ, एवढे सांगितले की सगळा वर्ग एका सुरात त्याचेच नाव घेईल. शिक्षकांच्या खोलीत हा प्रश्न विचारला तरी उत्तर फारसे वेगळे येणार नाही.

आता आकडे पाहू. एक ग्रॅम तेल पूर्णपणे जळाले तर सुमारे ३७ किलोजूल उष्णता मिळते. एक ग्रॅम साखरेपासून सुमारे १६ किलोजूल मिळते. आणि एक ग्रॅम नायट्रोग्लिसरीनचा स्फोट झाला तर बाहेर पडते ती ऊर्जा असते जेमतेम ६.३ किलोजूल! म्हणजे तेलाच्या सहावा हिस्सा, आणि साखरेच्या निम्म्याहूनही कमी. तरीही घरोघरी तेलाचे डबे निर्धास्तपणे फळीवर बसलेले असतात, साखर आपण मुलांच्या हातावर ठेवतो, आणि नायट्रोग्लिसरीन मात्र डोंगर फोडते.

याच पदार्थाची दुसरी गंमत अशी, की छातीत कळ आलेल्या हृदयरुग्णाच्या जिभेखाली जी गोळी ठेवतात, तिच्यातही हेच नायट्रोग्लिसरीन असते. त्याच्या जवळची कुठली तरी सौम्य वस्तू नव्हे, रेणूरेणूने तेच. एकच पदार्थ खडक फोडतो आणि माणसाचा जीवही वाचवतो, हे कसे? ‘थोडे घेतले तर औषध, जास्त घेतले तर विष’ हे आपले नेहमीचे उत्तर इथे पुरत नाही. खरे उत्तर रेणूच्या रचनेत आहे, आणि ते आठवी-नववीच्या रसायनशास्त्राच्या आधाराने बऱ्यापैकी समजून घेता येते.

तीन खुंट्यांचे खुंटाळे

सुरुवात साबणापासून करू. तेल किंवा चरबी कॉस्टिक सोड्याबरोबर उकळली की साबण तयार होतो, आणि मागे एक गोडसर, दाट, चिकट द्रव उरतो. तो म्हणजे ग्लिसरीन. थंडीत ओठांना लावतो तेच. ग्लिसरीनचा रेणू म्हणजे तीन खुंट्यांचे छोटेसे खुंटाळे आहे असे समजा. फळीच्या जागी एकापुढे एक जोडलेले तीन कार्बन अणू, आणि प्रत्येक खुंटीला अडकवलेला ऑक्सिजन व हायड्रोजन यांचा एकेक गट, म्हणजे हायड्रॉक्सिल गट.

नायट्रिक आणि सल्फ्युरिक या दोन तीव्र आम्लांच्या मिश्रणाशी ग्लिसरीनची अभिक्रिया झाली, की या तिन्ही खुंट्यांवरचे गट बदलतात. आता प्रत्येक खुंटीवर एक नायट्रेट गट येतो. नायट्रेट गट म्हणजे एक नायट्रोजन आणि त्याच्याभोवती तीन ऑक्सिजन. हे झाले नायट्रोग्लिसरीन. काटेकोर रासायनिक नाव ‘ग्लिसेरिल ट्रायनायट्रेट’. औषधांच्या वेष्टनावर हेच नाव सापडेल. कागदावर हे सोपे दिसत असले तरी ही अभिक्रिया करताना अनुभवी रसायनज्ञांनीही जीव गमावले आहेत. वर्गात ती फळ्यावरच करायची.

आता फळ्यावर जमाखर्च मांडू. नायट्रोग्लिसरीनच्या एका रेणूत कार्बनचे ३, हायड्रोजनचे ५, नायट्रोजनचे ३ आणि ऑक्सिजनचे ९ अणू असतात. तीन कार्बनांचा पूर्ण कार्बन डायऑक्साइड व्हायला ऑक्सिजनचे ६ अणू लागतात. पाच हायड्रोजनांचे पाणी व्हायला लागतात अडीच. एकूण साडेआठ. रेणूकडे आहेत नऊ. म्हणजे स्वतःचे संपूर्ण ज्वलन करून वर अर्धा अणू शिल्लक! हा रेणू जळण्यासाठी हवेतल्या ऑक्सिजनवर मुळीच अवलंबून नाही. त्याची शिदोरी त्याच्या पाठीवरच आहे.

सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर इथे मिळते. कढईतल्या तेलाने पेट घेतला तरी प्रत्येक रेणूला हवेतला ऑक्सिजन येऊन भेटेपर्यंत थांबावे लागते. जळण्याचा वेग हवा किती वेगाने पोहोचते यावर ठरतो. तेलाची ऊर्जा खूप असली तरी ती सावकाश मिळते. नायट्रोग्लिसरीनमध्ये इंधन आणि ऑक्सिजन एकाच रेणूत शेजारी शेजारी बसलेले असतात. कुणाला कुणाची वाट पाहायची नसते. एका ठिकाणी आघात बसून रेणू मोडले, की त्यातून निघालेला दाबाचा तरंग पुढच्या रेणूंना मोडतो, ते त्यापुढच्यांना. हा तरंग द्रवातून सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो. पुण्याहून मुंबईपर्यंत नायट्रोग्लिसरीनची सलग नळी घातली असती, तर पुण्याचा स्फोट वीस-बावीस सेकंदांत मुंबईला पोहोचला असता.

दुसरा मुद्दा वायूचा. नायट्रोग्लिसरीनचे ४ रेणू मोडले की कार्बन डायऑक्साइडचे १२, पाण्याच्या वाफेचे १०, नायट्रोजनचे ६ आणि ऑक्सिजनचा १ असे मिळून वायूचे २९ रेणू तयार होतात. सगळेच वायू, घन अवशेष काही नाही. एक मोल वायूला प्रमाण तापमान-दाबाला २२.४ लिटर जागा लागते, हे मुलांना ठाऊक असते. त्यावरून त्यांना हिशेब करू द्या. सुमारे ९०८ ग्रॅम, म्हणजे जेमतेम ५७० मिलिलिटर द्रवापासून साधारण ६५० लिटर वायू. अकराशे पटीहून अधिक! प्रत्यक्षात त्या क्षणी तापमान काही हजार अंशांवर गेलेले असते, त्यामुळे वायू याच्याही कित्येक पट फुगू पाहतो. त्याला कोंडून ठेवणाऱ्या खडकाचे काय होत असेल ते वेगळे सांगायला नको.

एवढी ऊर्जा येते कुठून? नायट्रेट गटात नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांना तसे सैल धरून असतात. स्फोटात हे बंध तुटतात आणि नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने घट्ट मिठी मारतात. हा निसर्गातल्या सर्वांत मजबूत बंधांपैकी एक आहे. सैल बंध जाऊन घट्ट बंध आले, की मधला फरक ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडतो. नायट्रेट गट ध्यानात ठेवा. औषधाचे मर्मही त्यातच आहे.

तुरीनची प्रयोगशाळा आणि एका भावाचा मृत्यू

हा पदार्थ प्रथम तयार केला इटलीतल्या तुरीन शहरात, १८४७ साली, अस्कानियो सोब्रेरो या रसायनज्ञाने. नव्या पदार्थाची चव पाहून नोंदवण्याची त्या काळी रीतच होती. सोब्रेरो यांनी यातला किंचितसा अंश जिभेवर ठेवला आणि लिहून ठेवले, की याने डोके भयंकर ठणकते आणि हातपाय गळून जातात. म्हणजे पदार्थ जन्मला त्याच वर्षी त्याचे दोन्ही गुण नोंदले गेले होते. तो फुटतो हे कळले, आणि तो रक्ताभिसरणावर काही तरी परिणाम करतो याचाही सुगावा लागला. पहिल्या गुणाकडे जगाचे लक्ष लगेच गेले. दुसऱ्याकडे वळायला बरीच वर्षे लागली. प्रयोगशाळेतल्या एका स्फोटात सोब्रेरो यांच्या चेहऱ्यावर कायमचे व्रण उठले. आपल्या शोधाने पुढे किती बळी घेतले याची खंत त्यांना अखेरपर्यंत होती.

स्वीडनच्या आल्फ्रेड नोबेल यांनी हा द्रव खाणींसाठी आणि बोगद्यांसाठी विकायचे मनावर घेतले. ३ सप्टेंबर १८६४ रोजी स्टॉकहोमजवळच्या हेलेनबोर्ग येथील त्यांच्या कारखान्यात स्फोट झाला. मृतांत आल्फ्रेड यांचा धाकटा भाऊ एमिल होता. १८६६ साली सॅन फ्रान्सिस्कोत गळणारी एक पेटी कसली आहे हे ठाऊक नसताना उघडायला घेतली गेली आणि इमारत उडाली. द्रव नायट्रोग्लिसरीनची अडचण अशी, की ते हवे तेव्हा फुटेलच याची खात्री नाही, आणि नको तेव्हा फुटणार नाही याचीही नाही.

नोबेल यांनी दोन्ही टोकांना उपाय शोधला. हवे तेव्हा फुटावे म्हणून त्यांनी लहानसा आघात देणारी टोपी बनवली. नुसत्या ज्योतीपेक्षा आघातानेच हा द्रव खात्रीने फुटतो, हे त्यांच्या लक्षात आले होते. आणि नको तेव्हा फुटू नये म्हणून त्यांनी तो एका सच्छिद्र मातीत जिरवला. डायाटम नावाच्या अतिसूक्ष्म शैवालांच्या सांगाड्यांची ही माती. तीन भाग द्रव, एक भाग माती. द्रव मातीच्या लक्षावधी छिद्रांत विखुरला, की साध्या धक्क्याने फुटत नाही. १८६७ साली पेटंट घेतलेला हाच पदार्थ म्हणजे डायनामाइट. पुढे १८७५ मध्ये त्यांनी नायट्रोसेल्युलोज मिसळून जेलीसारखे घट्ट स्फोटक तयार केले. आपल्याकडे वर्तमानपत्रांत ‘जिलेटिनच्या कांड्या’ हा शब्द नेहमी वाचायला मिळतो. त्याचे मूळ या जेलीत आहे.

सोमवारची डोकेदुखी

डायनामाइटच्या कारखान्यांतून एक विचित्र गोष्ट दिसू लागली. नवा कामगार पहिल्या दिवशी हमखास डोके धरून बसे. नायट्रोग्लिसरीन कातडीतून आणि श्वासातूनही शरीरात जाते. दोन-चार दिवसांत डोकेदुखी थांबे. शरीर सरावले असे म्हणत. मग सुट्टी येई, आणि सुट्टीनंतर कामावर आले की डोके पुन्हा ठणकू लागे. सरावलेले शरीर दीड-दोन दिवसांत सराव विसरत असे. हा त्रास टाळण्यासाठी काही कामगार सुट्टीच्या दिवशीही थोडासा स्फोटक पदार्थ टोपीच्या पट्टीत घालून हिंडत.

याहून गंभीर बाब नंतर उजेडात आली. काही कामगारांच्या छातीत सुट्टीच्या दिवशीच कळा येत, आणि काही जण अचानक दगावतही. अशा रुग्णांच्या नोंदी अमेरिकेतील डॉक्टरांनी १९७२ साली प्रसिद्ध केल्या. आठवडाभर बाहेरून मिळणाऱ्या नायट्रोग्लिसरीनमुळे रक्तवाहिन्या सैल राहत. तो पुरवठा एकाएकी थांबला की त्या उलट आवळल्या जात. औषधशास्त्राच्या पुस्तकांत ‘सह्यता’ आणि ‘औषध तोडण्याचा परिणाम’ असे दोन विषय असतात. ते या कामगारांनी, कुणी न विचारता, स्वतःच्या शरीरावर सोसले होते. आज ज्या रुग्णांना हे औषध छातीवर चिकटवायच्या पट्टीतून देतात, त्यांना रात्री दहा-बारा तास ती काढून ठेवायला सांगतात. शरीर सरावू नये, हाच त्यामागचा हेतू. दीर्घकाळ चालू असलेले नायट्रेट औषध मनाने एकदम बंद करू नका, असे डॉक्टर बजावतात, त्याचेही कारण हेच.

लेखणी उडू लागली तेव्हा

औषधाची वाट वेगळ्याच रसायनापासून सुरू झाली. एडिंबरोचे तरुण डॉक्टर थॉमस लॉडर ब्रंटन यांनी १८६७ साली हृदयशूळाच्या रुग्णांना एमिल नायट्राइट हुंगायला दिले. या पदार्थाने रक्तदाब उतरतो हे ठाऊक होते, आणि कळ येते तेव्हा रक्तदाब वाढलेला असतो असे त्यांना आढळले होते. कळ मिनिटाभरात थांबली. पण गुण फार थोडा वेळ टिके.

लंडनचे डॉक्टर विल्यम मरेल यांनी नायट्रोग्लिसरीनबद्दलचे जुने, परस्परविरोधी लेख वाचले होते. कुणी म्हणे अर्ध्या थेंबाने माणूस बेशुद्ध पडतो, कुणी म्हणे काहीच होत नाही. मरेल यांनी एक टक्का द्रावणाच्या बाटलीचे ओले बूच जिभेला लावले, आणि विसरून बाह्यरुग्ण तपासायला घेतले. थोड्याच वेळात त्यांच्या छातीत अशी धडधड सुरू झाली, की प्रत्येक ठोक्यासरशी हातातली लेखणी उडू लागली. पुढे त्यांनी स्वतःवर तीस-चाळीस वेळा हा प्रयोग केला, नाडीचे आलेख काढले आणि ते एमिल नायट्राइटच्या आलेखांशी ताडून पाहिले. परिणाम त्याच जातीचा होता; मात्र तो दोन-तीन मिनिटांनी सुरू होई आणि अर्धा तास टिके. रुग्णांना हवे होते ते नेमके हेच. १८७९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचे लेख छापून आले आणि नायट्रोग्लिसरीन औषधांच्या कपाटात जाऊन बसले.

त्यानंतर सतरा वर्षांनी, १८९६ मध्ये, हृदयविकाराने आजारी असलेल्या आल्फ्रेड नोबेल यांना डॉक्टरांनी हेच औषध सुचवले. दैवाचा हा खेळ त्यांनी आपल्या सहकाऱ्याला पत्रातून कळवला. औषधविक्रेते आणि लोक घाबरू नयेत म्हणून डॉक्टर याला ‘ट्रायनायट्रीन’ म्हणतात, असेही त्यांनी त्यात लिहिले आहे. त्याच वर्षी १० डिसेंबरला ते वारले.

शंभर वर्षांनी मिळालेले उत्तर

औषध लागू पडत होते, पण का, हे मरेल यांना ठाऊक नव्हते. त्यांच्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे कुणालाच ठाऊक नव्हते. १९७७ साली अमेरिकेतील फरीद मुराद यांनी दाखवून दिले, की नायट्रोग्लिसरीनपासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो, आणि रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूंवर खरे काम हा वायू करतो. एक नायट्रोजन, एक ऑक्सिजन, इतका साधा रेणू. विजा चमकतात तेव्हा हवेत तयार होतो तो, मोटारींच्या धुरात असतो तोही हाच.

१९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी दुसऱ्या बाजूने एक धागा पुढे आणला. रक्तवाहिनीच्या आतून पेशींचा एक नाजूक थर असतो. विशिष्ट रसायन दिले की वाहिनी सैल पडते, पण हा थर खरवडला गेला तर पडत नाही. म्हणजे त्या थरातून स्नायूंना काही तरी निरोप जात होता. निरोप्या कोण? १९८६ साली फर्चगॉट आणि लुई इग्नारो यांनी तो नायट्रिक ऑक्साइडच असावा असे मांडले, आणि पुढच्या वर्षी लंडनमध्ये साल्व्हादोर मोंकादा यांच्या गटाने तो वायू प्रत्यक्ष मोजला. आपले शरीर स्वतःच क्षणोक्षणी हा वायू बनवते, आणि काही सेकंदांत तो नष्टही होतो! एक वायू पेशीपेशींमध्ये निरोप पोहोचवतो, ही कल्पनाच तोवर कुणी केली नव्हती. १९९८ साली फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना वैद्यकाचे पारितोषिक मिळाले. नायट्रोग्लिसरीनच्या धंद्यातून उभ्या राहिलेल्या पैशातून दिले जाणारे ते पारितोषिक म्हणजे नोबेल.

हा वायू स्नायूपेशीत शिरला की तिथल्या एका विकराला जागे करतो. त्यामुळे सायक्लिक जीएमपी नावाचे रसायन वाढते, पेशीतले मोकळे कॅल्शियम कमी होते आणि स्नायू सैल पडतो. इथे एक नेहमीचा गैरसमज दूर करायला हवा. या औषधाने हृदयाच्या रोहिण्या थोड्या रुंदावतात हे खरे, पण मुख्य परिणाम होतो तो नीलांवर. शरीरभरच्या नीला सैल पडल्या की रक्त त्यांत साठून राहते आणि हृदयाकडे कमी परतते. विहिरीवरच्या पंपाकडे येणारे पाणी कमी झाले की त्याच्यावरचा ताण उतरतो, तसे हृदयाचे काम हलके होते. काम हलके झाले की त्याची ऑक्सिजनची मागणी घटते आणि कळ थांबते. डोक्यातल्या रक्तवाहिन्याही रुंदावतात, म्हणून डोके ठणकते. सोब्रेरो यांची डोकेदुखी आणि रुग्णाचा आराम ही एकाच कारणाची दोन फळे आहेत.

एकाच गटाच्या दोन वाटा

आता नायट्रेट गटाकडे परत येऊ. वरच्या वर्गांतल्या मुलांना ऑक्सिडीकरण अंक माहीत असतात. नायट्रेट गटातल्या नायट्रोजनचा अंक अधिक ५. स्फोटात तो एका फटक्यात शून्यावर येतो, म्हणजे नायट्रोजन वायू होतो, आणि सगळी ऊर्जा एकदम सांडते. शरीरात मात्र विकर त्याला जिन्याने उतरवतात. आधी नायट्राइट, म्हणजे अधिक ३. मग नायट्रिक ऑक्साइड, म्हणजे अधिक २. तिथे तो थांबतो आणि निरोप्याचे काम करतो. दोन्हीकडे नायट्रोजन ऑक्सिजनला सोडतो आहे. फरक आहे तो किती पायऱ्या उतरला, किती वेगाने उतरला आणि शेजारी कोण होते याचा.

हे काम करणारे एक महत्त्वाचे विकर २००२ साली सापडले. दारूपासून शरीरात तयार होणाऱ्या ॲसिटाल्डिहाइडचा निचरा करणारे तेच हे विकर. चीन, जपानमधल्या अनेक लोकांत ते जन्मतःच दुबळे असते. दारूच्या घोटाने त्यांचा चेहरा लाल होतो, आणि नायट्रोग्लिसरीनचा गुणही त्यांना कमी येतो.

मग तोंडातली गोळी फुटत का नाही? शिक्षकांच्या एका शिबिरात हा प्रश्न मला गंभीरपणे विचारला गेला होता, आणि प्रश्न चांगला आहे. गोळीत औषध असते सुमारे अर्धा मिलिग्रॅम. ते सगळे फुटले असे मानले तरी ऊर्जा निघेल ३ जूल. तीनशे ग्रॅमची वस्तू एक मीटर उचलायला लागते तेवढी. आणि ते फुटूही शकत नाही. बाकीची गोळी दुग्धशर्करेसारख्या निरुपद्रवी पदार्थाची असते आणि त्यात नायट्रोग्लिसरीनचे रेणू विखुरलेले असतात. आघाताचा तरंग पुढे न्यायला शेजारी लागतो. तो शेजारीच नाही. नोबेल यांनी मातीत जिरवून जे साधले, तेच औषध बनवणाऱ्यांनी कितीतरी पुढे नेले आहे.

गोळी खिशात असेल तर

गावोगावी अनेकांच्या खिशात अशी गोळी असते. आपल्याकडे बहुधा ती नायट्रोग्लिसरीनच्या भावंडाची, आयसोसॉर्बाइड डायनायट्रेटची असते; ‘सॉर्बिट्रेट’ या व्यापारी नावाने लोक तिला ओळखतात. तिच्यात दोन नायट्रेट गट असतात आणि काम याच रीतीने चालते. शिक्षकाला लोक विचारतात, म्हणून काही गोष्टी नीट माहीत असाव्यात.

कळ आल्यावर ही गोळी गिळायची नाही, जिभेखाली विरघळू द्यायची. गिळलेले औषध आधी यकृतात जाते आणि तिथे नायट्रोग्लिसरीनचा बराचसा भाग नष्ट होतो. जिभेखालच्या नीलांतून ते थेट रक्तात मिसळते आणि एक ते तीन मिनिटांत गुण दाखवू लागते. घेताना खाली बसावे, कारण रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. नायट्रोग्लिसरीनची गोळी मूळच्या काचेच्या बाटलीत, बूच घट्ट लावून ठेवावी. औषध उडून जाते आणि प्लास्टिकमध्ये व कापसात शोषले जाते. डबीत महिनोन्‌महिने पडलेली गोळी दिसायला तशीच राहते, आणि ऐन वेळी तिच्यात औषधच उरलेले नसते.

सिल्डेनाफिलसारख्या, पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवरच्या गोळ्या घेतलेल्या असतील तर ही गोळी घेऊ नये. सायक्लिक जीएमपी नायट्रेट वाढवते आणि सिल्डेनाफिल ते मोडू देत नाही. दोहोंच्या जोडीने रक्तदाब इतका कोसळतो की प्राण जाऊ शकतो. असे काही घेतले असल्यास संकोच सोडून डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. आणि ज्याला डॉक्टरांनी ही गोळी दिलेली नाही, त्याच्या तोंडात दुसऱ्याच्या खिशातली घालू नये. हृदयाच्या झटक्याच्या काही प्रकारांत रक्तदाब आधीच उतरलेला असतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ही गोळी हृदयावरचा भार उतरवते, रोहिणीतली गुठळी विरघळवत नाही. गोळी घेऊन पाच मिनिटांत कळ थांबली नाही किंवा वाढली, तर ‘अजून थोडे बघू’ म्हणत बसू नये. १०८ ला फोन करावा आणि इस्पितळ गाठावे. कळ थांबली तरी ती का आली हे तपासून घ्यायचे राहतेच. पहिल्या तासातला उशीर पुढे भरून निघत नाही.

सुरुंगातून निरोप

सुरुंगाच्या जगात मात्र नायट्रोग्लिसरीनचे दिवस सरत आले आहेत. भारतात नायट्रोग्लिसरीनवर आधारलेली औद्योगिक स्फोटके एप्रिल २००४ पासून बंद करण्यात आली. स्फोटकांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणारे केंद्र सरकारचे मुख्य कार्यालय आपल्या नागपुरात आहे. आज खाणीत आणि विहिरीच्या सुरुंगात वापरली जाणारी स्फोटके बहुधा अमोनियम नायट्रेट आणि पाणी मिसळलेली असतात. ती साध्या धक्क्याने फुटत नाहीत आणि भरणाऱ्याचे डोकेही दुखवत नाहीत. लोक त्यांनाही ‘जिलेटिनच्या कांड्या’च म्हणतात.

मुलांना रसायनांची ‘चांगली’ आणि ‘वाईट’ अशी दोन कपाटे करायची सवय असते, आणि ती मुख्यतः आपणच लावलेली असते. नायट्रोग्लिसरीन कोणत्या कपाटात ठेवायचे, हा प्रश्न त्यांना द्यावा. मग विचारावे, की किती आहे, कशात मिसळलेले आहे, आणि ऊर्जा कोणत्या वेगाने सुटते आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय कपाट ठरवता येत नाही, हे त्यांचे त्यांना कळू द्यावे. पुढच्या तासाला हेच तीन प्रश्न क्लोरीनबद्दल विचारता येतील. नळाचे पाणी शुद्ध करायला वापरतात तो क्लोरीन वायू आणि पहिल्या महायुद्धात १९१५ साली ईप्रच्या खंदकांवर सोडलेला क्लोरीन, रेणूने एकच आहेत.